मामांच्या मशीनचा पीसी मेला आणि मी ३७८ च्या मागे लागलो

कंसातलाकंस (धागाकर्ता), शनिवार रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. मी पुण्यात जावास्क्रिप्ट लिहितो, सहा वर्षं झाली. बटण दाबलं की सर्व्हरकडून काय येतं हे मला कळतं. बटण दाबलं की मोटर कशी फिरते, हे मात्र परवापर्यंत कधी डोक्यातही आलं नव्हतं.

मामांचं कुपवाड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. तिथे फ्लँजला (पाइप जोडायच्या चकतीला) भोकं पाडायची एक एसपीएम आहे, म्हणजे त्या एकाच कामासाठी बनवलेलं खास मशीन. ती चालवायला एक ४८६ पीसी, डॉस, आणि मागच्या प्रिंटर पोर्टमधून निघालेली केबल थेट एका रिले कार्डात (रिले म्हणजे विजेनं चालू-बंद होणारे स्विच). प्रोग्रॅम ज्यांनी लिहिला ते गृहस्थ केव्हाच गाव सोडून गेले. गेल्या आठवड्यात मदरबोर्ड गेला. कपॅसिटर अक्षरशः फुगून पुरीसारखे झालेत. हार्डडिस्क मात्र जिवंत आहे आणि तिच्यात टर्बो सीची मूळ फाइल सापडली. जेमतेम ९० ओळी.

त्यात हे असं आहे: आउटपोर्टबी, कंसात ३७८ हेक्स (हेक्स म्हणजे सोळाच्या पायावर लिहिलेला आकडा), १. मग दोन लूप एकात एक, आत काहीच नाही. मग तेच ३७८ आणि ११. परत रिकामे लूप. मग १५. मग ३७९ वरून काहीतरी वाचायचं, त्याचा ८० हेक्सशी एक्सॉर करायचा (म्हणजे ठराविक बिट उलटा करायचा), आणि एक बिट बदलेपर्यंत थांबायचं. मग परत ११, शेवटी ०.

मी यूएसबी टू प्रिंटर केबल आणून लॅपटॉपला लावली आणि विंडोजवर हेच चालवायचा प्रयत्न केला. ढिम्म. प्रश्न दोन. एक, हे ३७८ काय प्रकरण आहे? दोन, हे सगळं मुळापासून शिकायचं तर सुरुवात कुठून? असेंब्ली (प्रोसेसरच्या थेट सूचनांची भाषा)? आर्डुइनो (शिकायचं छोटं बोर्ड)? की सरळ पुस्तक उघडू?

टपरीवरचा, शनिवार रात्री ११.५२

३७८ म्हणजे त्या गृहस्थांच्या स्कूटरचा नंबर असणार. (ह. घ्या.) पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

खडूवाले मास्तर, रविवार सकाळी ६.१५

कंसराव, फाइल सापडली हे तुमचं नशीब. पोर्टचं नंतर बघू, आधी ते आकडे वाचा. कागद घ्या आणि बायनरीत लिहा.

१ म्हणजे ०००००००१
११ म्हणजे ००००१०११
१५ म्हणजे ००००११११

प्रिंटर पोर्टला डेटाच्या आठ तारा असतात, पिन २ ते ९. तुम्ही ३७८ वर एक बाइट टाकला की त्याचा प्रत्येक बिट एकेका तारेवर जाऊन बसतो. एक असेल तर पाच व्होल्टच्या आसपास, शून्य असेल तर शून्य. तो पुढचा बाइट येईपर्यंत तिथेच बसून राहतो. बस, एवढंच. ह्याला कोणी ड्रायव्हर लागत नाही, लायब्ररी लागत नाही.

आता मशीनसमोर उभे राहून विचार करा. आधी पहिला बिट एकटा. मग त्याच्या जोडीला दुसरा आणि चौथा. मग तिसरा. फ्लँजला भोक पाडताना माणूस काय करेल? आधी पकडेल, मग मोटर आणि कूलंट सुरू करेल, मग ड्रिल खाली आणेल. म्हणजे पहिला बिट क्लॅम्प, दुसरा-चौथा मोटर आणि कूलंट, तिसरा ड्रिलचा सिलिंडर. शेवटचा शून्य म्हणजे सगळं सोडा. मामांना विचारून खात्री करा, पण माझी पैज आहे.

मी तीस वर्षं तंत्रनिकेतनात ८०८५ हा जुना मायक्रोप्रोसेसर शिकवला. हेक्स कीपॅडवर ३ई, ८० असं एकेक बटण दाबत ८२५५ ह्या पोर्टच्या चिपला कंट्रोल वर्ड पाठवायचा, की तिन्ही पोर्ट आउटपुट. पोरं अर्धा तास टाइप करायची आणि लाइट गेली की सगळं पुसलं. पण ज्यानं ते केलं त्याला बिट म्हणजे काय हे पुन्हा सांगावं लागलं नाही. तेव्हा माझं मत: असेंब्लीपासून सुरू करा.

फ्लॉपीकाळ, रविवार सकाळी ९.०५

मास्तरांना +१. थोडं पुढचं मी सांगतो.

इंटेलच्या प्रोसेसरला मेमरीचे पत्ते वेगळे आणि इनपुट-आउटपुटचे पत्ते वेगळे, अशी दोन गावं असतात. दुसऱ्या गावात ६५५३६ दारं. त्यात ६० हेक्सला कीबोर्ड, ४० ते ४३ ला टायमर, ६१ ला स्पीकरचं बटण, ३७८ ला पहिला प्रिंटर पोर्ट. आयबीएमच्या पीसीपासून चालत आलेली घरं आहेत ही. आउटपोर्टबी म्हणजे त्या गावातल्या अमुक दारावर एक बाइट ठेवून ये.

विंडोज ९८ पर्यंत कुठलाही प्रोग्रॅम थेट जाऊन दार वाजवू शकायचा. विंडोजच्या एनटी घराण्यात, म्हणजे सर्वसामान्यांच्या घरात एक्सपी आल्यापासून, ते बंद झालं. साधा प्रोग्रॅम रिंग ३ मध्ये, म्हणजे कमी अधिकाराच्या पातळीवर, आणि कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, पूर्ण अधिकाराच्या रिंग ० मध्ये. रिंग ३ वाल्यानं आउट सूचना चालवली की प्रोसेसरच मध्ये हात घालतो आणि प्रोग्रॅम आडवा. लिनक्सवर रूट होऊन आयओपर्म नावाच्या कॉलनं परवानगी मागता येते, मग चालतं.

अवांतर: दुसऱ्या बाजूला, म्हणजे मेमरीच्या गावात, बी८००० ह्या पत्त्यावर डॉसचा अख्खा पडदा असायचा. एक बाइट अक्षर, एक बाइट रंग, ८० गुणिले २५ घरं, म्हणजे ४००० बाइट. तिथे ४१ हेक्स लिहिलं की पडद्यावर ए. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा वाटलं, आता मराठीही अशीच लिहू. पण घरं एकाच रुंदीची आणि अक्षरं फक्त २५६. वेलांटी, रफार, जोडाक्षर कुठं बसवणार? म्हणून तर सी-डॅक ह्या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड पीसीच्या स्लॉटमध्ये खोचावं लागायचं. मराठीसाठी आपण मशीन उघडून हार्डवेअर बसवलंय, आजच्या पोरांना खरं वाटणार नाही.

मिलीव्होल्ट, रविवार दुपारी २.३०

म्युनिकहून लिहितेय, गाड्यांच्या ब्रेकमधल्या कंट्रोलरचं फर्मवेअर (चिपच्या आत बसणारा प्रोग्रॅम) हे माझं पोटापाण्याचं काम.

यूएसबी केबलचं आधी मिटवू. ती केबल म्हणजे पोर्ट नाही. तिच्या टोकाला एक छोटी चिप आहे आणि ती फक्त "मी प्रिंटर आहे, छापायला काय देताय?" एवढीच भाषा बोलते. तुमच्या लॅपटॉपच्या ३७८ वर कोणी राहतच नाही. डेस्कटॉपमध्ये पॅरलल पोर्टचं पीसीआय एक्सप्रेस कार्ड बसवलं तर दार मिळेल, पण नंबर बहुतेक वेगळा असेल.

मास्तरांशी एका बाबतीत माझा वाद आहे. असेंब्लीपासून सुरुवात नको. सी लिहा, आणि कंपायलरनं त्याचं काय केलं ते उघडून बघा. उदाहरण देते. आर्डुइनो ऊनोवरचा १३ नंबरचा दिवा म्हणजे खरं तर एटीमेगा३२८पी ह्या त्यावरच्या चिपच्या पोर्ट बीचा पाचवा बिट (मोजणी शून्यापासून). डिजिटलराइट हे तयार फंक्शन वापरून तो लावला तर आत पन्नासेक क्लॉक (चिपचे ठोके) खर्च होतात: हा पिन कुठल्या पोर्टचा, त्यावर पीडब्ल्यूएम (झपाट्यानं चालू-बंद होणारा सिग्नल) चालू आहे का, अशी सगळी चौकशी. तेच पोर्टबी रजिस्टरचा (रजिस्टर म्हणजे चिपमधला एक छोटा कप्पा) पाचवा बिट थेट एक केला, तर कंपायलर त्याची एकच सूचना बनवतो, एसबीआय. दोन क्लॉक. १६ मेगाहर्ट्झला १२५ नॅनोसेकंद. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की असेंब्लीची ओढ आपोआप लागते. आधी पाठांतर करायला लावलं की माणूस पळून जातो. मी पळाले होते.

खडूवाले मास्तर, रविवार दुपारी ४.१०

ताई, तुम्ही पळालात आणि तरी ब्रेक लिहिताय, म्हणजे मुद्दा तुमचाच खरा धरतो. पण एसबीआय पाहून तुम्हाला ते कळलं, कारण आधी कुणीतरी बळंच डोक्यात घातलं होतं. असो.

पॅनलवाला, रविवार रात्री ८.२०

भाऊ, शिकणं बाजूला ठेव. तिथं मामांचा हात जातो मशीनमध्ये. मी एमआयडीसीत पॅनल बनवतो, माझं ऐक. मशीनला छोटा पीएलसी (कारखान्यातली मशीन चालवायचा कंट्रोलर) घेऊन टाक. २४ व्होल्टचे इनपुट, लॅडर (त्याचा प्रोग्रॅम) लिहायला एक संध्याकाळ, धूळ-तेल-व्होल्टेजची धाडधाड सगळं सहन करतो. पाच व्होल्टची प्रिंटर केबल काँटॅक्टरशेजारून (मोटरच्या मोठ्या स्विचशेजारून) नेलीय ती आजवर चालली हेच नवल. आर्डुइनो घरी टेबलावर ठेव.

आणि आत्ताच्या आत्ता: इमर्जन्सी स्टॉप कुठं आहे? प्रोग्रॅममध्ये का वायरीत?

कंसातलाकंस, सोमवार रात्री १०.४५

मास्तर, पैज जिंकलात. पहिल्या ते चौथ्या बिटावर क्लॅम्प, मोटर, ड्रिल, कूलंट, अगदी ह्याच क्रमानं. मामा म्हणाले, "हे फोनवर कोणी सांगितलं?"

पॅनलवाला दादा, इमर्जन्सी स्टॉप कीबोर्डवरचं एस्केप बटण आहे. लिहितानाच लाज वाटतेय. पीएलसीचं मामांना पटलंय, पण दिवाळीनंतर. हातात ऑर्डर आहे, तोवर मशीन चालायला हवी. म्हणून सांगलीत एका जुन्या सामानवाल्याकडून मागे खरा प्रिंटर पोर्ट असलेला पेंटियम ४ उचलला. त्यावर फ्रीडॉस (डॉसचा मोफत अवतार) टाकलं, जुना प्रोग्रॅम कॉपी केला. शनिवारी जाऊन जोडतो. तो ८० हेक्सचा एक्सॉर का, हे अजून कळलं नाही.

फ्लॉपीकाळ, सोमवार रात्री ११.१०

३७९ हा स्टेटस पोर्ट. प्रिंटरकडून येणाऱ्या पाच तारा तिथे वाचायच्या: पिन १५, १३, १२, १० आणि ११, अनुक्रमे बिट ३ ते ७ (मोजणी शून्यापासून). ह्यातली ११ नंबरची, म्हणजे बिझी, हार्डवेअरमध्येच उलटी केलेली आहे. तारेवर एक असेल तर वाचताना शून्य दिसतं. त्या गृहस्थांनी खालचा लिमिट स्विच (ड्रिल खाली पोचला हे सांगणारा) बिझीवर जोडलेला दिसतोय. ८० हेक्सशी एक्सॉर म्हणजे फक्त सातवा बिट पुन्हा उलटा करून सरळ केला. नीट माणूस होता, नुसतं टिपण ठेवायला विसरला.

टपरीवरचा, सोमवार रात्री ११.१४

पाच तारांपैकी एकच उलटी. ही तार नक्की आमच्या सोसायटीची सेक्रेटरी असणार.

कंसातलाकंस, रविवार रात्री ९.३०

आज वाईट बातमी. कोणाला लागलं नाही, आधी तेवढं सांगतो.

सगळं जोडलं. पहिल्यांदा फ्लँज न ठेवता चालवलं, क्लॅम्प खाली, मोटर, ड्रिल खाली-वर, सगळं जागच्या जागी. मामांनी पेढे मागवले. मग फ्लँज ठेवली. क्लॅम्प बसायच्या आत ड्रिल खाली आला, फ्लँज फिरली आणि १२ एमएमचा ड्रिल कटकन तुटला. तुकडा पत्र्यावर आपटल्याचा आवाज अजून कानात आहे.

प्रोग्रॅम तोच, एक अक्षर बदललेलं नाही. केबल तीच, रिले कार्ड तेच. मग?

मिलीव्होल्ट, रविवार रात्री ९.४८

रिकामे लूप!! किती गुणिले किती आहेत?

कंसातलाकंस, रविवार रात्री ९.५१

आतला ३००००, बाहेरचा १००. दोन ठिकाणी.

मिलीव्होल्ट, रविवार रात्री १०.२०

तेच ते. तीस लाख फेऱ्या. जुन्या ४८६ वर त्याला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्या वेळात सिलिंडरमध्ये हवा भरून क्लॅम्प घट्ट बसत होता. त्या माणसानं आकडा कमी-जास्त करत मशीनसमोर उभं राहून जुळवला असणार. पेंटियम ४ ला त्याच फेऱ्या म्हणजे काही मिलिसेकंद. हवा बिचारी तेवढीच हळू. १, ११ आणि १५ जवळजवळ एकदमच बाहेर पडले. रिकामं चालवलं तेव्हा हे दिसलं नाही, कारण पकडायला काही नव्हतंच.

आजच्या कंपायलरवर तर ऑप्टिमायझेशन लावलं की हा लूप अख्खा गायब होतो. कंपायलर म्हणतो, आत काही नाही, निकाल कोणी वाचत नाही, मग चालवू कशाला? रजिस्टर वाचतानाही तीच गंमत: "मघाशी वाचलं होतं, परत कशाला." म्हणून व्होलटाइल हा शब्द. त्याचा अर्थ, बाबा रे, ह्या पत्त्यावरची गोष्ट तुझ्या नकळत बदलू शकते, दर वेळी जाऊन बघ.

फ्लॉपीकाळ, रविवार रात्री १०.४०

डॉसवरच राहायचं तर वेळ घड्याळावर मोजा, फेऱ्यांवर नको. पीसीचा टायमर सेकंदाला साधारण १८.२ वेळा टिकटिकतो आणि बायोस, म्हणजे पीसीच्या चिपमधला मूळ प्रोग्रॅम, प्रत्येक टिक मेमरीत ४० हेक्सच्या सेगमेंटात ६सी ह्या ऑफसेटला मोजून ठेवतो. तो आकडा वाचायचा आणि तो दहानं वाढेपर्यंत थांबायचं, साधारण ५५० मिलिसेकंद झाले. पीसी कितीही वेगवान असो, फरक नाही.

हा १८.२ असा विचित्र का? टायमरला ११९३१८२ हर्ट्झचा ठोका मिळतो आणि तो ६५५३६ नं भागला जातो. आणि ११९३१८२ कुठून आला? पहिल्या आयबीएम पीसीत १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा एकच स्फटिक होता. त्याला तीननं भागून प्रोसेसरचे ४.७७, चारनं भागून ३.५८, म्हणजे अमेरिकन रंगीत टीव्हीचा रंगाचा सिग्नल, आणि बारानं भागून हा टायमर. एका स्फटिकात तिघांचं भागवलं. तर कंसराव, तुमचा कुपवाडचा ड्रिल आता अमेरिकन टीव्हीच्या तालावर थांबणार.

पॅनलवाला, रविवार रात्री ११.०५

टीव्ही-बीव्ही राहू दे. वेळेवर भरवसा ठेवायचाच नाही, हे शिक. सकाळी कॉम्प्रेसर थंड असतो, पाइप कुठं गळतो, प्रेशर कमी. तुझा अर्धा सेकंद सोमवारी पुरेल, मंगळवारी नाही. क्लॅम्पच्या सिलिंडरवर रीड स्विच (चुंबकानं चालणारा) लाव, पट्ट्यानं बांधायचा असतो, दहा मिनिटांचं काम. सिलिंडर आत मॅग्नेटवाला आहे का तेवढं बघून घे. क्लॅम्प खरंच बसला हे स्विचनं सांगितलं तरच मोटर. आणि दोन सेकंदांत नाही सांगितलं तर सगळं बंद करून ओरड.

इमर्जन्सी स्टॉपचं उत्तर अजून आलेलं नाही.

शिकाऊ_उमेदवार, सोमवार दुपारी १.००

धागा भारी चाललाय, वाचनखूण साठवली. मी तिसऱ्या वर्षाला आहे. आपल्याकडचंच काही वापरायचं तर सी-डॅकच्या थेजस३२ चिपचं एरीज बोर्ड आहे, रिस्क-फाइव्ह ह्या खुल्या सूचनासंचावर चालणारं. त्यावरून सुरुवात केली तर?

मिलीव्होल्ट, सोमवार संध्याकाळी ७.१५

करा की, रिस्क-फाइव्ह शिकायला सुटसुटीत आहे. फक्त पहिल्या बोर्डसाठी माझा निकष एकच: रात्री एक वाजता अडकलात तर तोच प्रश्न आधी हजार जणांना पडलेला असावा. त्या हिशोबानं ऊनो किंवा ब्लू पिल (एसटीएम३२ चिपचं छोटं बोर्ड) आधी, एरीज दुसरा.

कंसातलाकंस, पुढच्या बुधवारी रात्री १२.५०

रात्रीचा एक वाजत आलाय, ताईंचं वाक्य आठवलं. ब्लू पिल घेतलीय, एसटीएम३२एफ१०३. पोर्ट सीच्या १३ नंबरवरचा दिवा लावायचाय. लायब्ररी मुद्दाम नाही वापरली. पोर्ट सीचा पत्ता ४००११००० हेक्स, त्यात कॉन्फिगरेशन रजिस्टरमध्ये आउटपुट लिहिलं, मग डेटा रजिस्टरमध्ये बिट लिहिला. व्होलटाइलही घातलं. एरर नाही, वॉर्निंग नाही, दिवाही नाही. लिहिलेलं परत वाचलं तर शून्य येतं! लिहितोय एक, वाचतोय शून्य. जावास्क्रिप्टनं इतका अपमान कधी केला नव्हता, ती निदान लाल अक्षरांत ओरडते तरी.

मिलीव्होल्ट, बुधवार, तुमच्या पहाटे ३.१०

ओरडायला तिथे कोणी जागं असायला हवं ना. पोर्ट सीला क्लॉक दिलाय का? ह्या चिपमध्ये वीज वाचवायला प्रत्येक विभागाचा क्लॉक सुरुवातीला बंद असतो. ४००२१०१८ वरच्या रजिस्टरचा चौथा बिट एक करा, मग बाकीचं. रेफरन्स मॅन्युअल हजाराच्या वर पानांचं आहे, ते पहिल्यापासून वाचू नका. ज्या विभागाशी काम तो, आणि क्लॉकच्या नियंत्रणाचं आरसीसी नावाचं प्रकरण, एवढंच.

कंसातलाकंस, बुधवार सकाळी ८.०५

लागला!!! पण उलटा. एक लिहिलं की विझतो, शून्य लिहिलं की लागतो.

खडूवाले मास्तर, बुधवार सकाळी ८.२०

दिव्याचं एक टोक ३.३ व्होल्टला आणि दुसरं पिनला जोडलंय. पिन शून्यावर आली की प्रवाह वाहतो. बोर्डाचं सर्किट आधी बघायचं, मग प्रोग्रॅम लिहायचा. वर्गात असता तर उभं केलं असतं. अभिनंदन.

टपरीवरचा, बुधवार सकाळी ९.००

सेक्रेटरी इथेही आहे तर.

कंसातलाकंस, रविवार रात्री १०.१५

आज कुपवाडहून परत आलो. रीड स्विच बसवला, पिन १३ वर, म्हणजे ३७९ चा चौथा बिट. रिकामे लूप काढले. आता १ पाठवायचा, चौथा बिट येईपर्यंत थांबायचं, ३६ टिकमध्ये नाही आला तर ० पाठवून पडद्यावर मेसेज. मुद्दाम हवेचा कॉक अर्धा बंद करून पाहिलं. ड्रिल जागचा हलला नाही. मामांनी तीन वेळा करायला लावलं.

पॅनलवाला दादा, लाल मश्रूम बटण काँटॅक्टरच्या कॉइलच्या आणि व्हॉल्व्हच्या सप्लायच्या सिरीजमध्ये टाकलंय, तुमच्या ओळखीच्या वायरमनकडून. क्लॅम्पचा व्हॉल्व्ह वेगळा ठेवला, नाहीतर बटण दाबलं की फिरत्या ड्रिलखाली फ्लँज सुटायची. हे वायरमननंच सुचवलं. प्रोग्रॅमचा त्या बटणाशी काही संबंध नाही.

एक राहिलं. पीसी चालू करताना, डॉस यायच्या आधीच, रिले तीन-चारदा टकटकतात. प्रोग्रॅम तर सुरूच झालेला नसतो.

फ्लॉपीकाळ, रविवार रात्री १०.३०

पीसी बिचारा अजूनही तिकडे प्रिंटर शोधतोय. चालू होताना त्या तारा कशाही हलतात, ते तुमच्या हातात नाही.

पॅनलवाला, रविवार रात्री १०.३८

मग तोवर मशीनला हवा आणि सप्लाय दोन्ही द्यायचं नाही. लाल बटण दाबलेलं ठेवूनच पीसी चालू. मामांना सांगितलंस का?

कंसातलाकंस, रविवार रात्री १०.४४

सांगायच्या आधीच त्यांनी कॉम्प्रेसरच्या वरच्या भिंतीवर खडूनं लिहिलंय: "आधी पीसी. मग लाल बटण सोडा. मग हवा."